ओला वेत

जेवणं उरकली आहेत. मालिनीताई दिवाणावर कलंडल्या आहेत. डोळा लागता लागता त्यांचं लक्ष खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीकडेच आहे. वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, इराण्याच्या हॉटेलात असायची तशी खुर्ची. सकाळी शफीभाई तिची बैठक नव्या वेतानं विणून गेले. जाताना बजावलं, "ओला आहे. उद्यापर्यंत कुणी बसू नका. खळगा पडला तर मग जायचा नाही."

सुनेनं, रेवतीनं, हौसेनं करून घेतलं. नव्या घराच्या दिवाणखान्यात अशी एक तरी जुनी खुर्ची हवीच, म्हणाली. मालिनीताईंनीही मान हलवली. शफीभाईंनी फाटकी जाळी सुरीनं कापून काढली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. यजमान जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्या बसण्याचा खळगा त्या जाळीत होता. रेडिओकडे कलून बसायची सवय, म्हणून डावीकडे जरा जास्त खोल. तोही गेला.

पापण्या मिटतात. पंखा फिरतोच आहे, पण त्याच्याखाली आता संगमरवरी टेबल आहे आणि भिंतभर आरसे. हे नाशिक रोडचं हॉटेल. ते बंद झालं तेव्हा यजमानांनी ही खुर्ची इथूनच सायकलला बांधून आणली होती. आता ते तिच्या पाठीच्या कमानीवर हात ठेवून उभे आहेत. सदऱ्याला इस्त्री नाही.

"बसा ना," त्या म्हणतात.

"वेत ओला आहे. शफीभाई काय म्हणाले, ऐकलं नाहीस?"

"तुम्ही कधीपासून लोकांचं ऐकायला लागलात?"

"गेल्यापासून," ते हसतात. "तिकडे दुसरं काम काय? चहा टाकतेस?"

त्या वळतात तर समोर त्यांचाच ओटा. कप घेऊन परत वळतात तर जुन्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा. उन्हात खुर्ची, आणि ते अजून उभेच.

"आता तरी टेका. पाय दुखतील."

"सुनेनं हौसेनं केलंय गं मालू. बघ, जाळी कशी ताणून बसवलीय. मी बसलो की वाट लागेल. ओरडेल ती."

"मी बसले म्हणून सांगेन."

"खोटं बोलशील? माझ्यासाठी?"

"अहो, बसा. रिकामी बघवत नाही मला."

ते पँट गुडघ्यांपाशी जराशी वर ओढतात, नेहमीसारखी. वेत करकरतो.

त्या आवाजानं मालिनीताईंना जाग येते. खिडकीत उतरतं ऊन. रेवती खुर्चीवर वाकून उभी आहे.

"आई, बसलात ना तुम्ही? शफीभाई एवढं सांगून गेले होते!"

मालिनीताई उठून जवळ येतात. जाळी मध्ये खाली गेली आहे. त्या तळहात ठेवतात. डावीकडे, जरा जास्त खोल.

"हो, मीच बसले," त्या म्हणतात. "आता असाच वाळू दे."