वृंदा आणि तिची लेडी एलनॉर

फोन सकाळी आला. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते. वृंदाची मुलगी केतकी बोलत होती. "मावशी, आई गेली. पहाटे. बाबा इथेच आहेत. आमाला मी सांगितलंय, आता तू बाकीच्यांना सांग." आवाज स्थिर होता. आपण रडलो तर कामं राहतील हे त्या मुलीला कळतं, हे मला आवडतं. मी रजा कळवली आणि टॅक्सी पकडली. बसल्यावर लक्षात आलं, की वृंदा गेल्याची बातमी सगळ्यांत आधी आमाला, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या एका चिनी म्हातारीला, कळली आणि मग तिच्या जुन्या मैत्रिणीला, म्हणजे मला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी वाटलं असतं. तेव्हा वृंदानं त्या म्हातारीच्या घरात कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. आता या गोष्टीला महिना होऊन गेला. शोकसभेत सगळे वृंदानं लिहिलेल्या नाटकाबद्दल बोलले, आणि चांगलं बोलले. पण ते नाटक शेवटी तसं का झालं, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसले.

वृंदा आणि श्रीकांत लग्नानंतर लगेच सिंगापूरला आले. दोघंही बँकेत, पण वेगवेगळ्या. श्रीकांत हिशेब तपासायचा आणि वृंदा एका बड्या साहेबांची सेक्रेटरी होती. साहेब येण्याआधी हजर राहायचं, साहेब गेल्याशिवाय निघायचं नाही. त्यांचं विमान, त्यांचा दंतवैद्य, त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाची फुलं, सगळं हिच्याकडे. काम ती उत्तम करायची आणि तिला ते आवडायचंही, हे मुद्दाम सांगते, कारण माणूस गेलं की आपण त्याच्या नोकरीला उगाच दोष देतो. केतकी झाली तेव्हा ते हौगांगला भाड्यानं राहायचे. त्याच मजल्यावर तिओच्यू बोली बोलणारं एक चिनी कुटुंब होतं. त्यांच्यातल्या म्हातारीनं बाळ सांभाळायचं कबूल केलं. केतकी तिला आमा म्हणायची. त्यांच्या भाषेत आमा म्हणजे आजी. पुढे वृंदानं तोआ पायोहला आमच्याच ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतला, तरी आमा सुटली नाही. सकाळी बसनं हौगांग, तिथून ऑफिस, संध्याकाळी पुन्हा हौगांग. केतकी शाळेत जायला लागली तरी शाळा सुटल्यावर आमाच.

त्या काळातली एक गोष्ट वृंदा प्रत्येक पार्टीत सांगायची. इथे मुलांना शिकवतात, की कोणतीही मोठी बाई दिसली की आंटी म्हणायचं. लिफ्ट धरून ठेवणारी आंटी, भाजीवाली आंटी, दारावर येणारी प्रत्येक बाई आंटी. तीन वर्षांची केतकी एका संध्याकाळी आईबरोबर घरी आली. आईनं दार उघडलं, तिची बॅग ठेवली, बूट काढले. तेव्हा केतकी मान तुकवून म्हणाली, "थँक यू, आंटी." लोक खो खो हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं वृंदा हसायची.

चार-पाच वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बसवायचं ठरलं तेव्हा वृंदा म्हणाली, मी लिहिते. तिला लायब्ररीतून जाडी जाडी इंग्रजी पुस्तकं आणायची सवय होती आणि इंग्लंडच्या दरबारातल्या बायकांवर ती बरेच महिने वाचत होती. राण्यांवर नाही. राणीच्या दिमतीला असलेल्या उमरावांच्या बायकांवर. त्यांतली एक तिनं मनानंच उभी केली आणि तिला नाव दिलं लेडी एलनॉर. ही एलनॉर सकाळी राणीचा झगा शेकोटीपाशी धरून गरम करणार, हातमोजे देणार, राणी बसली की उभी राहणार आणि राणी उठली की मागे चालणार. परवानगीशिवाय बसायचं नाही, परवानगीशिवाय घरी जायचं नाही. नवराही दरबारात, राजाच्या घोड्यांच्या खात्यावर. नवरा-बायकोची गाठ पडायची ती मधल्या दालनात, येता-जाता. आणि पोटची मुलगी लांब गावाकडे, दाईच्या झोपडीत. मोठ्या घरांतली तेव्हाची रीतच ती. मूल जन्मलं की दाईकडे, आई पुन्हा दरबारात.

मंडळाच्या अध्यक्षांना हे पसंत नव्हतं. "वृंदाताई, गणपतीत इंग्रज बाई? निदान आपल्याकडची एखादी सरदारीण घ्या की."

"आपली सरदारीण घेतली की तिला शूर करावं लागतं," वृंदा म्हणाली. "मला नुसत्या उभ्या राहणाऱ्या बाईचं करायचंय."

"बरं, राणी तरी कुठली?"

"कुठलीही चालेल. राणीचं काम एकच, हाक मारायची. आणि हिचं काम, हाकेच्या अंतरावर राहायचं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडळाची कायमची प्रॉम्प्टर. मला कधी भूमिका मिळाली नाही आणि नकोही होती. मी म्हटलं, पडदा उघडायची वेळ तेवढी ठरवा, बाकी ती बघेल.

वाचन वृंदाच्या हॉलमध्ये झालं. दहा-बारा बायका, तीन पुरुष, मध्ये चिवडा. केतकी तिच्या खोलीत होती. ती तेव्हा अठरा वर्षांची, शिकायला मेलबर्नला निघायची होती, आणि नाटक झाल्यावर लगेचच जाणार होती. शेवटचा प्रवेश आला. एलनॉर कित्येक महिन्यांनी रजेवर घरी येते. दाई मुलीला घेऊन येते. मुलगी गुडघ्यात वाकून परक्या बाईला करावा तसा मुजरा करते आणि म्हणते, "बाईसाहेब, आपण आलात, आभारी आहे." मग एलनॉरचं दोन पानी स्वगत. वृंदानं ते छान वाचलं. बायकांनी डोळे पुसले. मीही चष्मा काढला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात केतकी बाहेर आली. "आई, धिस इज सो फेक."

वृंदा म्हणाली, "केतू, नंतर बोलू."

"नो, आता. ती मुलगी मीच ना? सगळे मला बघून रडतायत. पण मी कधी रडले? आय वॉज हॅपी देअर, आई. आमाचं घर माझंच घर होतं. सॅड तू होतीस. गेटबाहेर उभी राहायचीस, शूज घालून, घड्याळ बघत. आमा रोज म्हणायची, कम इन, कम इन. तू रोज म्हणायचीस, नेक्स्ट टाइम. इतक्या वर्षांत एकदाही आत आली नाहीस, लाह!"

चिडली की तिच्या वाक्याला इथलं हे 'लाह' चिकटायचं. ती खोलीत गेली. कुणीतरी चिवड्याची वाटी उचलून पुन्हा तिथेच ठेवली... वृंदानं कागद नीट जुळवले आणि चहा टाकायला उठली. सगळे गेल्यावर मी कप विसळत होते. ती ओट्याला टेकून उभी.

"शैले, ती खरं बोलतेय का गं?"

"मला काय विचारतेस? ती तिथे होती. तू नव्हतीस."

"मी घाईत असायचे. बाजार बंद व्हायच्या आधी भाजी, मग स्वयंपाक..."

"हो. असायचीस."

"हे नाटक मी तिच्यासाठी लिहिलंय. जाण्याआधी तिला कळावं, की मी तिला टाकली नव्हती. ती असं मनात घेऊन विमानात बसली तर नाटक करून काय उपयोग?"

मी म्हटलं, मग तिच्याशी बोल. ती म्हणाली, "तिच्याशी काय बोलू? मला त्या घरातलं काहीच माहीत नाही."

त्या शनिवारी आम्ही दोघी हौगांगला गेलो. वृंदानं पेढे घेतले होते. आमा तेव्हा सत्तरीच्या पुढे, बुटकी, कमरेत वाकलेली, आवाज मात्र बाजारात उभी असल्यासारखा. तिनं जाळीच्या गेटमधून पाहिलं आणि म्हणाली, "वाह, मॅडम! टुडे नो हरी?" आज घाई नाही वाटतं, असं तिचं इंग्रजी. वृंदानं सँडल काढले. पट्टा अडकला तर मला धरून काढले. आत छोटंसं स्वयंपाकघर, ठेंगणी स्टुलं, भिंतीवर आमाच्या नातवंडांचे फोटो आणि त्यांच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली केतकी. आमानं काहीही न विचारता वृंदापुढे मोड आलेल्या मुगाची परडी सरकवली. पाहुणी असली तरी हात रिकामे नकोत. इथे ते लांब पांढरे मोड परतून खातात आणि त्यांच्या टोकाची बारीक शेपटी तेवढी खुडून टाकतात. वृंदानं मराठी बाईसारखं केलं. हिरवा मूग जपून वाटीत ठेवला आणि अख्खा पांढरा मोड कचऱ्यात. आमाचं लक्ष गेलं तोवर निम्मी परडी झाली होती.

"ऐयो! फूड यू थ्रो, रबिश यू कीप!"

मला हसू आवरेना. वृंदाही हसली. मग आमानं तिच्या बोटांना धरून शिकवलं. खुडता खुडता वृंदानं विचारलं, केतकी लहानपणी माझ्यासाठी रडायची का? आमानं डोकं हलवलं. मॉर्निंग नो क्राय, ती म्हणाली. ईव्हनिंग क्राय. गो होम, क्राय. वृंदाचा हात थांबला. तिला त्या क्षणी काय झालं ते मी पाहिलं, पण त्याचं वर्णन करणार नाही. थोड्या वेळानं तिनं पुढचा मोड उचलला, शेपटी खुडली आणि मोड वाटीत ठेवला. बरोबर वाटीत.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पानी स्वगत काढून टाकलं. नव्या प्रवेशात एलनॉर स्वतः दाईच्या झोपडीत जाते. दाई तिला बसायला सांगते. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बाईला आधी ते समजतच नाही. मग ती ठेंगण्या स्टुलावर बसते आणि वाटाणे सोलायला घेते. तेही चुकीचं करते. दाई ओरडते, पोर हसते, आणि पडदा. एलनॉरला शेवटी एकही वाक्य नाही. वृंदानं ते कागद केतकीच्या टेबलावर ठेवले. तिसऱ्या दिवशी जेवताना केतकी म्हणाली, "तुझी दाई अशी बोलणार नाही. टू पोलाइट."

"मग कशी बोलेल?"

केतकीनं उठून दाखवलं. कमरेत वाकून, बोट नाचवून. श्रीकांत घास तोंडात घेऊन थांबला. वृंदा म्हणाली, "तूच कर." अशी केतकी दाई झाली, आणि तालमींमध्ये रोज संध्याकाळी आईला मनसोक्त रागावायला लागली. तिचं मराठी वाईट होतं, पण रागावण्यात ती कुठे अडखळली नाही.

प्रयोगात एलनॉर झालेली वृंदा स्टुलावर बसली आणि रंगमंचावर शांतता पसरली. विंगेत मी संहिता घेऊन उभी, आणि सांगायला शब्दच नाही. पहिल्या रांगेतून एक काका हळूच म्हणाले, "वाक्य विसरल्या वाटतं." शेजारच्यानं त्यांना गप्प केलं. वृंदानं दाणे जमिनीवर टाकले, सालं वाटीत. दाई कडाडली. सभागृह हसलं, पण सगळ्यांच्या आधी दुसऱ्या रांगेत इस्त्रीचे कपडे घालून बसलेली एक चिनी म्हातारी हसली. तिला मराठीतला एक शब्द कळत नव्हता. ते बोलणं कुणाचं आहे, हे मात्र तिला बरोबर कळलं होतं.

नंतर मेकअपच्या खोलीत मी सामान आवरत होते. केतकी आईच्या टोपातल्या पिना काढत होती. "यू सॅट वेल," ती म्हणाली. वृंदा म्हणाली, "खूप प्रॅक्टिस केली." एवढंच. मिठ्या वगैरे काही नाही. त्या घरात ती पद्धत नाही.

केतकी मेलबर्नला गेली. वृंदा मात्र शनिवारी हौगांगला जातच राहिली. आधी केतकीचे फोटो दाखवायला, मग काही कारण नसताना. केतकी शिकून परत आली, इथेच नोकरीला लागली आणि त्याच वर्षी वृंदाचं दुखणं निघालं. पोटातलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. उपचार केले, काही महिने बरे गेले. केतकीनं बिनपगारी रजा घेतली. सकाळी आईला गाऊन द्यायचा, चष्मा द्यायचा, केस विंचरायचे. वृंदाला ते जमायचं नाही. कुणी खोलीत आलं की ती उठू पाहायची. मला म्हणाली, "शैले, दरबार मिळाला गं मला. पण हाक मारायचं कुणी शिकवलंच नाही." केतकीनं पलंगाशी एक घंटा ठेवली होती. ती वृंदानं कधी वाजवली नाही. घसा खाकरायची, तेवढ्यावर मुलगी धावत यायची.

मागच्या शनिवारी केतकीनं मला हौगांगला नेलं. श्रीकांत आला नाही. त्याला अजून माणसांत बसवत नाही. आमानं मासा वाफवला होता, भात, मोडांची भाजी. चार वाट्या मांडल्या होत्या. मला वाटलं, आमाचा मुलगा येणार असेल. चमचा उचलणार, तर आमानं माझ्या मनगटावर टिचकी मारली. केतकी म्हणाली, "मावशी, थांब. आधी कॉल करायचं." चिनी घरांत जेवायला बसलं की लहानांनी मोठ्यांना एकेक करून हाक मारायची, जेवा म्हणायचं, मगच स्वतः घास घ्यायचा. केतकी दोन वर्षांची असल्यापासून हे करतेय. मला ठाऊक नव्हतं. वृंदाला शेवटच्या काही वर्षांत ठाऊक झालं असणार.

"आमा, ईट," केतकी म्हणाली. "मावशी, जेव." आणि तिनं चमचा उचलला.

आमा चौथ्या वाटीकडे बघत होती. "सम मोअर वन," ती करड्या आवाजात म्हणाली. "कॉल."

केतकीनं चमचा खाली ठेवला. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं...

"आई," ती म्हणाली, "जेव."

आमानं मान हलवली, माशाचा मधला तुकडा उचलून चौथ्या वाटीत घातला, आणि मग आम्हाला म्हणाली, "ओके. नाऊ ईट."