शिंपिणीला वाटलेला उसवणारा

...हां, तर ती शिंपीण. पुढच्या खोलीत मशीन, आणि शाळेच्या गणवेशांचं काम. थोरला पोरगा, त्याला सगळे भिंगरी म्हणायचे; डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा त्रास सांगितलेला. एका जागी बूड टेकेल तर शपथ! धाकटी पोरगी, बाहुली, मात्र ना हूं ना चूं, खिडकीशी बसून राहायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मुलीलाही एकदा आणा." शिंपिणीला लगेच संशय, हिला पेशंट वाढवायचेत! माझ्या गुणी पोरीला कशाला रोग चिकटवतेय?

त्यातच गणवेशाचे फ्रॉक उसवायला लागले. संध्याकाळी खालची दुमड कच्च्या टाक्यांनी घालून ठेवावी, तर सकाळी सुटलेली.

सासू म्हणाली, "दुसरं कोण करणार? तुझं ते वादळ! पाठव मामाकडे, नाहीतर शाळेचं काम जाईल हातचं."

शिंपिणीची नजर मग सारखी भिंगरीच्या बोटांवर. "खिसे दाखव."

"आई, मी घरात राहतो की पोलीस चौकीत?" म्हणून पोरगं हसलं, पण जेवलं नाही. तरी तिनं त्याची पिशवी भरलीच.

निघायच्या सकाळी तिनं एक फ्रॉक उजेडात धरला. कापड कुठं ओढलेलं नाही, आणि दुमडीवर सुईच्या भोकांची नागमोडी रांग. म्हणजे माझ्या सरळ कच्च्या टाक्यांवर कुणीतरी आधी शिवलंय, मग एकेक टाका अलगद सोडवलाय! भिंगरी तर बुटाची नाडीसुद्धा ओढून तोडतो.

वळून बघते तर बाहुली पांढरीफटक. "तुला मदत करत होते गं. शिवताना मन कुठंतरी जायचं, वाकडं व्हायचं, मग उसवायचे, त्यात तुझे टाकेही सुटायचे. तू रागावशील म्हणून रोज पोटात दुखायचं."

"आणि दादाचं नाव आलं तेव्हा?"

पोरगी हुंदके द्यायला लागली. भिंगरी म्हणाला, "वेडाबाई, मला तरी सांगायचंस! मी रोज बोलणी खातोच, त्यात अजून चार."

पिशवी रिकामी झाली. शिंपीण दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. चार फेऱ्या झाल्यावर बाहुलीलाही तेच निघालं. बाई म्हणाल्या, "याचं बाहेर उधळतं, हिचं आतल्या आत कुढतं." शिंपीण दारातच पुटपुटली, "अजून एका डॉक्टरला विचारीनच." स्वभाव थोडाच जातो!

एवढं लिहून झालं की तुझ्या मावशीला वाचून दाखव हो. तिची थोरली किती शांत म्हणून ती कौतुक सांगत सुटते. म्हणावं, आजीनं सांगितलंय, लेकीला एकदा दाखवून आण.