रिळावरचे टाके

अक्काला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला माझी माळ बाहेर निघाली होती, म्हणून मी सकाळपासून फुगून बसले होते.

सन तीसच्या आधीची ही गोष्ट. आम्ही भवानी पेठेत राहायचो. वडील म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर. घरात मुली दोनच, अक्का आणि मी. ती लग्नाला आलेली. मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान आणि तिच्याहून दसपट तोंडाळ. मला नाद होता तारेच्या माळा विणायचा. शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ घ्यायचं, त्याच्या भोकाभोवती चार बारीक खिळे ठोकायचे, खिळ्यांना तारेचे वेढे द्यायचे आणि खालचा वेढा दाभणानं उचलून खिळ्यावरून पलीकडं टाकायचा. असं करत गेलं की रिळाच्या खालच्या तोंडातून जाळीदार गोफ उतरायला लागतो. तार मामा आणायचा. तो मिलमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा, तिथल्या जुन्या गुंडाळ्यांतून तांब्याची बारीक तार निघायची. मणी मणियाराकडचे. मेख एवढीच की मणी सगळे आधी तारेत ओवून ठेवावे लागतात. टाके सुरू झाले की मागून एकही घालता येत नाही. आणि तार जोरात ओढली की तुटते. तुटली की झालं, बसा उसवत.

अक्काला मणी ओवता यायचे नाहीत. तिला लांबचं आणि जवळचं, दोन्ही धुरकट दिसायचं. डाळीतला खडा तिच्या बोटांना बरोबर कळायचा, पण दारात आलेलं माणूस बोलल्याशिवाय कळायचं नाही. वडील म्हणत, चष्मा लावू. आई म्हणे, "चष्मेवाली पोर कोन करून घील? आदी उजवू, मग काय लावायचं ते लावा." या वादात आजवर आईच जिंकत आली होती. माझी बोटं तारेनं कापली की मी बिनमण्याचे टाके अक्काकडून घालून घ्यायची, आणि वर तिलाच ओरडायची, "ओढू नगंस गं, तुटंल!"

त्या दिवशी आईनं तिच्याकडून सगळी तालीम करून घेतली. सतरंजीची कड पायाला लागली की थांबायचं. समोर डब्यांची फळी, तिकडं तोंड करून बसायचं. आणि माळेचं कुणी विचारलं तर म्हणायचं, मी केली. एवढ्या बारीक मण्यांची माळ बघितल्यावर डोळ्यांचा विषय कोण काढतोय, असा आईचा होरा होता.

"आन् तू," आई माझ्याकडं वळून म्हणाली, "तोंड उगडलंस तर बघ."

पाहुणे जेऊरकडचे. मुलगा रेल्वेत कारकून, घरी शेती. तो, त्याचे वडील आणि त्याची आत्या, असे तिघं आले. मुलाची आई नव्हती, घर आत्याच बघायची, त्यामुळं खरी परीक्षा कुणाची हे आम्हाला बसल्या बसल्याच कळलं. अक्का आली, कडेला थांबली, वाकली, पोह्यांच्या बश्या आणि पाण्याचे पेले दिले. एक थेंब पाणी सांडलं नाही. मग आईनं माळ पुढं केली. आत्यानं ती खिडकीशी नेली आणि उजेडात निळा-पांढरा मणी न् मणी न्याहाळला.

"ही तू केलीस?"

"व्हय," अक्का म्हणाली.

दोन महिने बोटं कापून घेतली ती मी, आणि कौतुक हिचं!

"तुज्या डोळ्याचं कायबाय कानावर आलं हुतं," आत्या म्हणाली. "पर हे बघून वाटतं, लोक कायबी बोलत्यात. कसं करतीस ते दाव की जरा."

शेजारच्या तेलंगी विणकरांच्या मागाची खटखट तेवढी ऐकू येत होती. वडील पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. आईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडं लागले होते. मी उठले आणि माझं अर्धवट रीळ घेऊन आले. त्याच्या तारेत मणी आधीच ओवलेले होते, एवढाच आधार. अक्काच्या हातात रीळ देताना मी तिचा अंगठा नेमका चालू खिळ्यावर दाबून ठेवला आणि तिला चिकटून बसले. माझा राग कुठल्या कुठं गेला होता. तार तुटू नये, एवढंच मी मनात घोकत होते.

तिनं खिळा चाचपला, वेढा दिला, दाभण घातलं, उचललं. एक टाका झाला. दुसरा झाला. मग मणी आला. मण्याचा टाका तिनं जन्मात घातलेला नव्हता. मणी खिळ्याशी अडकला, तार ताणली गेली, आणि तिचा हात थांबला. तिनं नखानं मणी हळूच मागं सारला, पुन्हा चाचपला, बाहेरच्या अंगाला ढकलला आणि वेढा पलीकडं टाकला. मणी बसला. पुढचाही बसला. मान वर, डोळे डब्यांच्या फळीकडं.

"बगा तरी!" आत्या भावाला म्हणाली. "हाताकडं बघतसुदिक न्हाय. लई हात बसलाय पोरीचा."

"मग फोडू की सुपारी," मुलाचे वडील म्हणाले.

आई सुपारीचं ताट आणायला आत पळालीच. मला इतकं हलकं वाटलं की माळ अक्काच्या नावावर कायमची गेली तरी चालेल, असं मी मनात म्हणून टाकलं.

आत्यानं अक्काच्या पाठीवरून हात फिरवला. "राग मानू नगंस बाई. आमच्या आडाला कठडा न्हाय. माज्या थोरल्या भाच्याची बायकू हुती, तिला अंधूक दिसायचं. तिच्या म्हायेरच्यांनी सांगितलंच न्हाय आमाला. दिवेलागणीला पान्याला गेली ती..."

आई ताट घेऊन दारातच थबकली. अक्काच्या हातानं अजून एक-दोन टाके घातले आणि मग तो थांबला. तिनं जमीन चाचपून रीळ खाली ठेवलं.

"आत्याबाई, मी हाताकडं बघत न्हाय, कारण मला दिसतच न्हाय. मनी माज्या धाकटीनं ओवल्यात. माळबी तिचीच हाय."

सकाळपासून मला हेच ऐकायचं होतं. आणि आता ती बोलली, तेव्हा तिच्या तोंडावर हात ठेवावा असं मला झालं.

मुलगा मान खाली घालून बसला. त्याच्या वडिलांनी फेटा उचलला. आत्या मात्र उठून अक्काजवळ आली, तिच्या कानशिलावरून हात उतरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "वाचलीस गं माजे बाई," ती म्हणाली, आणि दारात आईपाशी थांबून हळू आवाजात बोलली, "आदी डोळं द्या पोरीला. नवरा काय, मागनं बी मिळतोय."

ते गेले. मला वाटलं, आता आई अक्काला सोलून काढणार. पण ती ताटासकट भिंतीला टेकून खाली बसली. सुपारी ताटात तशीच होती. मग ती वडिलांना म्हणाली, "उद्याच न्या तिला डाक्टराकडं."

थोड्याच दिवसांत गोल काचांचा चष्मा आला. वडिलांबरोबर अक्का तो लावून गल्लीतून चालत आली, तेव्हा माग थांबवून बायका दारात आल्या होत्या. मी वाटच बघत होते. ती उंबऱ्याच्या आत आल्या आल्या मी माळ तिच्या हातात ठेवली आणि कौतुक ऐकायला समोर उभी राहिले. तिनं माळ डोळ्यांशी धरली, लांब धरली, मणी न् मणी बघितला.

"हितं एक टाका सुटलाय की गं," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माळ हिसकून घ्यायला हात पुढं केला, तसं तिनं वर बघितलं. माझ्याकडं. ती बघतच राहिली. मग तिनं एक बोट माझ्या हनुवटीवर टेकवलं.

"तुला हितं तीळ हाय व्हय?" ती म्हणाली. "कुणी सांगितलंच न्हाय मला."