जाताना कापूस, येताना ढेप

दोन टायर चढवून झाले होते. तिसरा जमिनीवर आडवा पडला होता, ट्रॉली जॅकवर होती, आणि शेजारच्या चहाटपरीवाल्या मावशीची बकरी ट्रॉलीत चढून कोपरा चाटत होती. मी हातातला पाना खाली ठेवला.

कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. यवतमाळला धामणगाव रोडवर एका टायरच्या दुकानात मी फिटर होतो. एकतीस वर्षं तेच काम केलं. त्या दुपारी समोर स्टुलावर बसल्या होत्या शीलाताई, बाभुळगावकडच्या एका खेड्यातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. गटाने जुनी, चार चाकांची ट्रॉली घेतली होती. ती गावातल्या एका ट्रॅक्टरला जोडायची आणि आठ-दहा घरांचा कापूस एकदमच यवतमाळला आणायचा, असा त्यांचा कारभार. टायर कडेने तडकले होते, ते बदलायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर त्यांचा नंबर होता, म्हणून घाई.

ट्रॉलीत काय नेता, हे मी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं. कापूस, त्या म्हणाल्या. शेठनी गोदामातले आठ प्लायचे टायर काढायला सांगितले, मी काढले. कापसाला तेवढे पुरतात. कापसाची ट्रॉली दिसते डोंगराएवढी, समोरून येणारा घाबरून गाडी खाली उतरवतो. पण वजन असतं वीस-बावीस क्विंटल.

मग बकरी काय चाटत होती? बकरी सरकी खाते, हे मलाही माहीत आहे. पण सरकी ती चघळते, चाटत नाही. मी वर चढलो. फळ्यांच्या फटीत तपकिरी भुगा बसला होता. चिमूटभर घेऊन हुंगला. ढेप होती. सरकीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो, जनावरांना घालतात, ती.

"ताई, ढेप कवा आणली होती?"

"कवा म्हंजे? दर खेपेले आणतो. खाली ट्रॉली कायले वापस न्याची?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कापसाचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून गटातल्या बायकांनी म्हशी घेतल्या होत्या. म्हशींना ढेप लागते. कापूस उतरवला की शहरातून साठ पोती ढेप भरायची, पोतं साठ किलोचं. आणि कापसासोबत आलेल्या सहा-सात जणी त्याच पोत्यांवर बसून, गप्पा हाणत गावी जायच्या. साठ पोती ट्रॉलीत अर्ध्यापर्यंतही येत नाहीत. त्यामुळे कोणालाच ते ओझं वाटत नव्हतं. उलट जाताना ट्रॉली भरलेली आणि येताना अर्धी, असाच सगळ्यांचा हिशेब.

चूक माझी होती. मी अर्धाच प्रश्न विचारला होता, आणि स्वतःला मोठा फिटर समजत होतो.

इथे थोडं समजावून सांगतो. टायर घेताना लोक साइज बघतात. रिंगवर बसला की झालं. पण टायरच्या कडेवर, कंपनीच्या नावाजवळ, आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक प्लाय रेटिंग. जुन्या काळी टायरच्या आत सुती कापडाचे थर असत, त्यांना प्लाय म्हणत. आता नायलॉन आलं, थर तितकेच असतील असंही नाही, पण ताकद सांगायला आकडा तोच चालू राहिला. म्हणजे कापसाचा भाव टायरातसुद्धा नावापुरताच उरलेला. दुसरा आकडा लोड इंडेक्सचा. तो किलो नसतो, खूण असते. किलो तक्त्यात बघायचे. आमच्या आठ प्लायवर ११२ होता, म्हणजे एका टायरला अकराशे वीस किलो. त्याच साइजच्या सोळा प्लायवर १२२, म्हणजे पंधराशे किलो. तेही हवा पूर्ण असेल तर.

मी खडू घेतला आणि शटरवर मांडलं. आठ प्लायचे चार टायर, पंचेचाळीस क्विंटलला थोडे कमी. त्यातून ट्रॉलीचं स्वतःचं वजन पंधरा गेलं. उरले तीस. ढेप छत्तीस क्विंटल, वर बायका. सोळा प्लायला मात्र पंचेचाळीस उरत होते. शेठ गल्ल्यावरून उठून आले.

"रफीक, साइज तर एकच हाये ना?"

"साइज एकच हाये शेठ. ताकद नाही."

"अरे, आपण टायर विकतो. लोकाइची ढेप कायले मोजून राह्यला?"

मी म्हणालो, हे मी चढवत नाही, चढवलेले दोनही उतरवतो. शेठ चांगलेच तापले. सोळा प्लाय दुकानात नव्हते, नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते. गिऱ्हाईक समोर, माल समोर, आणि फिटरच नाही म्हणतोय. इतकंच वाटतं तर स्वतःचं दुकान टाक, असं त्यांनी सुनावलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हात पान्याकडे गेला नाही.

शीलाताई शटरवरचे आकडे बघत होत्या. त्यांनी शेठकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "रफीकभाऊ, तुमची बहीण त्या पोत्याइवर बसली असती, तं कोन्ता टायर लावला असता?"

"सोळा प्लाय. नाही तं तिले एसटीनं पाठवलं असतं."

त्या उठल्या. पदर खोचला. शेठना म्हणाल्या, "नागपूरले फोन लावा. कापूस उद्या दुसऱ्याच्या ट्रॉलीत जाईन. बाया माह्या हायेत."

शेठनी फोन लावला. मी दोन्ही टायर उतरवले. चढवण्यापेक्षा उतरवायला जास्त घाम आला, पण त्या घामाचं मला आजही कौतुक वाटतं. तिसऱ्या दिवशी नवे टायर आले. वाढीव हवा सोसतील का म्हणून रिंगाही तपासल्या, ट्यूब नव्या घातल्या आणि ट्रॉली दिली.

पहिल्या खेपेला ती दुकानासमोर मुद्दाम थांबली. साठ पोती, वर सात बायका. मी वाकून चारही टायर बघितले. एकाचंही पोट सुटलं नव्हतं. वरून कोणीतरी भुईमुगाच्या शेंगांचा पुडा खाली टाकला.

पाच हंगामांनी शीलाताई ते चार टायर बदलायला आल्या. चारही इकडून तिकडे सारखे झिजलेले, गोटे व्हायला आलेले. फुटलेले टायर मी हजारो पाहिले. असे म्हातारे होऊन आलेले फार थोडे. फुटलेल्या टायरची गावभर चर्चा होते, न फुटलेल्याची कोणी करत नाही. मी त्यांतला एक मागून घेतला आणि दुकानाच्या भिंतीला टांगला.

त्या खडूच्या आकड्यांबद्दल शेठ पुढे कधी बोलले नाहीत. पण एक दिवस मी आत ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होतो. बाहेर बोरी अरबचा एक ट्रॅक्टरवाला आठ प्लाय मागत होता, कापूसच नेतो म्हणत होता. शेठ गल्ल्यावरून त्याला विचारत होते, "नेतं ते समजलं. येताना काय आणतं?"