चालणाऱ्याला चालू न देणारं गाव

आमच्या वडवणीत कामाशिवाय कुणी पायी निघालं की लोकांना चैन पडत नाही. एक तर गाडी बिघडली असेल, नाहीतर घरात वाजलं असेल, अशी त्यांची समजूत. हे मला माझ्या आजारपणात कळलं.

आजार असा की दुकानात गल्ल्यावर बसलं की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे आणि आता आपण इथंच मरणार असं वाटायचं. ईसीजी चांगला निघाला, तरी मी दुकानात जाणं सोडलं. वडिलांनी उभं केलेलं किराणा दुकान बायको सांभाळू लागली आणि मी घरात पंख्याकडे बघत पडून राहू लागलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

बीडच्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंनी दोन कामं लावली. रोज सकाळी झपझप चालायचं. चालतानाही छाती धडधडते आणि माणूस मरत नाही, हे शरीराला कळू द्यायचं. दुसरं, भीतीचा विचार आला की त्याच्याकडे पुरावा मागायचा, म्हणजे असं होणार हे कशावरून, असं त्यालाच विचारायचं.

निघालो. कोपऱ्यावरच मोटारसायकल थांबली. "आप्पा, पायी कावून? बसा." नको म्हटलं तर त्याला वाईट वाटणार, म्हणून बसलो. रोज हेच. एका भल्या माणसानं तर मला वळवून थेट दारात आणून सोडलं. बायको हसू दाबत म्हणाली, "आज लई लवकर झालं चालून."

खरं सांगायचा धीर होत नव्हता. डोक्याच्या डॉक्टरकडे जातो हे कळल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल? पुढच्या खेपेला हे डॉक्टर बाईंना बोललो तर त्या म्हणाल्या, "हाही विचारच आहे. याच्याकडे पुरावा मागितलात?" मागितला नव्हता.

पुढं एका सकाळी आमचं जुनं गिऱ्हाईक असलेला शेतकरी दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल घेऊन थांबला. मला घाम फुटला, पण बोललो. "बसत न्हाई. मन बरं न्हाई माझं. भीती वाटती, दुकानात बसवत न्हाई. डॉक्टरनं चालायला लावलंय."

त्यानं गाडी बंद केली आणि ती ढकलत माझ्याबरोबर चालू लागला. मग म्हणाला, "मलाबी असंच व्हतंय, आप्पा. बाजारात उभं ऱ्हावत न्हाई. घरी कुणालाच सांगितलं न्हाई." मी त्याला पुराव्याचं सांगितलं. किती समजलं कोण जाणे, पण मला फार हलकं वाटलं.

तसाच घामेजलेला दुकानात गेलो आणि गल्ल्यावर बसलो. दुपारी धडधड आलीच. पुरावा मागितला तरी ती लगेच गेली नाही, पण मीही उठलो नाही. बायको माल तोलत तोलत माझ्याकडे बघत होती.

दिवेलागणीला तो शेतकरी दुकानाची पायरी चढला. मागं त्याची बायको होती. पिशवी आणली नव्हती. तो खाली बघत म्हणाला, "मला सांगता येईना. हिला तुमीच सांगा, आप्पा."