जिन्याखालचा पहिला तास

मोबाइलवर शाळेचा निरोप आला तेव्हा मी अंबडला, आमच्या कंपनीच्या गेटपाशी मालाची गाडी भरून घेत होतो. 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.' खाली माझ्या मुलीचं नाव, इयत्ता दुसरी. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आणि सव्वानऊच्या आत मी स्वतः तिला शाळेच्या फाटकात सोडून आलो होतो.

आधी वाटलं, चुकून आला असेल. हे निरोप पाठवणं शाळेने त्याच महिन्यात सुरू केलं होतं. मी शाळेत फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नंबर दाबताना बोट चुकलं. बायकोला फोन करण्यात अर्थ नव्हता. ती नर्स आहे, ड्यूटीवर असताना तिचा फोन लॉकरमध्ये असतो. साहेबांना फक्त "मुलगी" एवढंच म्हणालो आणि स्कूटर काढली.

अंबडहून गंगापूर रोडला यायला एरवी पंचवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी त्रिमूर्ती चौकातच पाच मिनिटं अडकलो, आणि तिथे उभं राहून मला सकाळ आठवत होती. फाटक अर्धं लागलेलं होतं. वॉचमन काका हात हलवून "चला चला, लवकर" म्हणत होते. मी मुलीच्या पाठीवर दप्तर चढवलं आणि म्हणालो, "पळ." ती दोन पावलं गेली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हणालो, "अगं पळ ना, मला पण उशीर होतोय." आणि ती आत गेली की नाही हे न बघता मी स्कूटर वळवली.

उशीर आम्हाला रोजचाच होता. बायको साडेसहाला घरातून बाहेर पडते, म्हणून सकाळ माझ्याकडे. दूध, डबा, अंघोळ, आणि मग दोन वेण्या. त्या वेण्या मला कधी जमल्याच नाहीत. एक वर, एक खाली व्हायची. मुलगी आरशात बघून रडवेली व्हायची आणि मी सोडून पुन्हा घालायला बसायचो. पूर्वी शाळा सातची होती तेव्हा मी म्हणायचो, एवढ्या सकाळी कसं जमणार. मग लहान वर्गांची शाळा नऊची झाली. तरी आम्ही नऊ वाजून आठ मिनिटांनीच पोचायचो. सगळा आळशीपणा माझा. "पाच मिनिटांनी काय होतंय" हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

सुट्ट्यांचंही तसंच. सासुरवाडी नामपूरला. शनिवारी गेलो की सोमवारी सकाळी सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, "आजना दिन ऱ्हा ना, लहानशी पोर शे ती." आम्ही राहायचो. दुसरीत असं काय मोठं शिकवतात, असा माझा हिशोब.

मुलगी मात्र बदलत चालली होती, आणि ते मला दिसत असूनही दिसलं नव्हतं. ती घड्याळ बघायला शिकली. वर्गातल्या इतर मुलांच्या आधी शिकली, म्हणून मी कौतुकही केलं. स्कूटरवर पुढे उभी राहून ती विचारायची, "पप्पा, किती वाजले? आता किती?" सिग्नल लाल झाला की तिचे खांदे आखडायचे. सकाळी पोटात दुखतंय म्हणायची. आणि जोडाक्षर आलं की वाचताना अडायची. 'रस्ता', 'पुस्तक', असले साधे शब्द. एकदा मी वैतागून म्हणालो होतो, "शाळेत लक्ष कुठे असतं तुझं?"

शाळेत पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. काकांनी मला ओळखलं. "आत गेली ना पोरगी. माझ्यासमोर गेली," ते म्हणाले. पण तेही घाबरले होते.

तिच्या वर्गाच्या बाई दारात आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, बोटांना खडू लागलेला. "ती आज आलीच नाही," त्या म्हणाल्या.

"मी सोडलंय, बाई. काकांनी आत जाताना बघितलंय."

बाईंनी एकही शब्द वाया घालवला नाही. शेजारच्या वर्गाच्या बाईंना हाक मारून मुलांकडे बघायला सांगितलं आणि माझ्याबरोबर निघाल्या. शाळेतल्या मावशी मुलींच्या स्वच्छतागृहात बघून आल्या. काका मैदानाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे भिंतीला लागून एक छोटं दार आहे. ते उघडं आहे का, हे काका परत येईपर्यंत कळणार नव्हतं. मागे रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळे प्लॉट. मी नको नको ते सगळं बघून घेतलं मनात. काका परत येऊन म्हणाले, "दाराला कुलूप आहे." तेव्हा मी श्वास घेतला.

बाई वर्गात परत गेल्या आणि मुलांना विचारलं, "आज सकाळी कुणी तिला बघितलं का?" मी दारात उभा होतो. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी सहज म्हणाली, "बाई, ती जिन्याखाली असते."

असते, म्हणाली ती. आहे नाही.

आमच्या मुलीच्या शाळेत तळमजल्यावर, जिन्याखाली खेळाच्या गाद्या रचून ठेवतात. आम्ही खाली धावलो. गाद्यांच्या मागे, भिंत आणि जिना यांच्यामधल्या जागेत ती बसली होती. दप्तर पाठीवर तसंच. गुडघे छातीशी. मला बघून ती उठली नाही. तिने आधी बाईंकडे बघितलं आणि मग रडायला लागली, आवाज न करता.

मी तिला उचललं. दप्तरासकट. मला ओरडायचं होतं, आणि तिला घट्ट धरून ठेवायचं होतं, आणि दोन्हींतलं एकही नीट जमत नव्हतं. बाईंनी मावशींना पाणी आणायला सांगितलं आणि तिथेच गादीवर बसल्या.

"इथे का बसलीस गं, बाळ?"

तिने हाताने नाक पुसलं. मग म्हणाली, "सगळे बघतात."

"कधी बघतात?"

"मी दारात उभी राहिली की. सगळे एकदम मागे बघतात. मग 'आत येऊ का' म्हणायचं असतं. मला म्हणताच येत नाही."

म्हणून ती पहिला तास संपेपर्यंत तिथे थांबायची. घंटा झाली, मुलं पाणी प्यायला बाहेर आली, की त्यांच्यात मिसळून वर्गात जायची. त्या दिवशी मात्र घंटा झाल्यावर मावशी जिन्यापाशीच झाडत होत्या. बाहेर पडलं तर दिसू, म्हणून ती आतच राहिली. मग फारच उशीर झाला, आणि आता तर मुळीच जाता येणार नाही असं तिला वाटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटायचं, तुम्हीच तिला तासभर उशिरा आणता. दुसऱ्या तासाला दिसली की निरोप जायच्या आत मी हजेरी बदलून घ्यायचे. तुम्हाला दोनदा चिठ्ठी पाठवली होती."

चिठ्ठ्या मला मिळाल्या नव्हत्या. त्या कुठे गेल्या, हे मी मुलीला कधीच विचारलं नाही.

"पहिल्या तासाला तुम्ही काय घेता?" मी विचारलं. उत्तर मला साधारण कळलं होतं.

"वाचन. दिवाळीनंतर जोडाक्षरं चाललीत," त्या म्हणाल्या. माझ्या पाच मिनिटांचा तिच्याकडे रोज एक तास झाला होता, आणि तो तास तिने भिंतीकडे बघत काढला होता. शिवाय घरी मी तिलाच रागावलो होतो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग मुलीला मांडीवर घेऊन बसली. मला म्हणाली, "मला का नाही सांगितलंत रोज उशीर होतो म्हणून?" मी म्हणालो, "मला तो उशीर वाटलाच नाही." हे खोटं नव्हतं.

तेव्हापासून बायको निघायच्या आधीच मुलीच्या वेण्या घालते, मुलगी अर्धवट झोपेत असते. डब्याची भाजी मी आदल्या दिवशी चिरून ठेवतो. पावणेनऊला आम्ही शाळेत असतो. बाईंनी महिनाभर तिला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं जवळ बसवून राहिलेलं वाचन करून घेतलं. नामपूरहून आता रविवारी दुपारीच निघतो. सासूबाई रुसतात, पण पोर स्वतःच आजीला सांगते, "उद्या माझी शाळा आहे."

हे सगळं बरं झालं, तरी माझी धाकधूक गेलेली नाही. गंगापूर रोडला कुठे रस्ता खणलेला दिसला की मी आधी घड्याळ बघतो. एकदा टायर पंक्चर झालं. स्कूटर तिथेच सोडून मी तिला घेऊन चक्क पळालो. नऊला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. ती हसत होती. मला हसू येत नव्हतं. तिची रांग वर्गात शिरेपर्यंत मी फाटकाशी थांबतो. कंपनीत उशीर झाला तर बोलणी खातो.

गेल्या आठवड्यात असाच उभा होतो. फाटक लावता लावता एक गाडी येऊन थांबली. एका गृहस्थांनी मुलाला उतरवलं, त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "जा रे, काही नाही होत." गाडी गेली. मला त्यांना हाक मारायची होती, पण काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करणार? पोरगा पहिलीतला असावा. तो मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबला. सगळ्या रांगा आत गेल्या होत्या.

मी काकांना म्हणालो, "काका, त्याला वर्गापर्यंत सोडून या ना. फाटकाशी मी थांबतो."

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हातातलं कुलूप माझ्याकडे दिलं आणि त्या मुलाकडे चालत गेले.