निळ्या पडद्यावरची मोठी अक्षरं

कमलताई गेल्याचं त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं, त्याला आता पाच आठवडे झाले. "मावशी सकाळी गेल्या," एवढंच म्हणाला, आणि मग, "तुम्हाला कळवायचं त्यांनी सांगून ठेवलं होतं." मला कळवायचं... ज्यांच्यावर मी एकेकाळी फितुरीचा संशय घेतला, त्यांनी शेवटी माझं नाव सांगून ठेवलं होतं.

तेव्हा मध्यप्रदेश अजून एकच होता, छत्तीसगढ वेगळा व्हायचा होता. इंदूरला कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात आम्ही दोघी टाइपिंग करायचो. कमलताई जुन्या, मी नवी. त्यांचे वडील महूला फौजेत होते, घरही तिथेच. महूच्या पहिल्या बसने येऊन ऑफिसचं कुलूप त्याच उघडत. टाइपरायटरवर त्यांची बोटं अशी चालत की साहेबांचं वाक्य संपायचं आणि मशीनही त्याच क्षणी थांबायचं. मग कॉम्प्युटर आला. मी कोर्स केलेला, म्हणून सेटिंग मी केली. डावीकडे रुंद मार्जिन, ओळींमध्ये दुप्पट अंतर, अक्षर चौदाचं. नवीन पान उघडलं की हे सगळं आपोआप यावं असं डिफॉल्ट करून ठेवलं. मला त्याचा चांगलाच तोरा होता.

काही महिन्यांनी ही सेटिंग बदलू लागली. एका सकाळी पडदा निळाशार आणि त्यावर पांढरी अक्षरं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दोन शब्दांमध्ये बारीक ठिपके, परिच्छेदाच्या शेवटी कसलीशी चिन्हं. मी मुकाट्याने सगळं होतं तसं करायची. पण एकदा तारखेच्या दिवशी घाईत अर्ज छापला, तर अक्षरं बावीसची! दोन पानांचा अर्ज पाच पानांवर पसरलेला. साहेब भडकले. "शुभा, ये कोर्ट का कागज है के दुकान का बोर्ड?" कुणीतरी डिफॉल्टच बदललं होतं. मी कमलताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून कागदांची चळत नीट करत होत्या, आणि ती चळत आधीच नीट होती.

त्या दिवसापासून मी नजर ठेवायला लागले. मेनूच्या तळाशी शेवटी उघडलेल्या फायलींची नावं येतात. मी संध्याकाळी ती लिहून ठेवायची आणि सकाळी ताडून बघायची. रोज एखादं नाव वर आलेलं असे, बहुतेक वेळा दोन भावांच्या वाटणीच्या दाव्याचं. नेमकं त्याच सुमारास साहेब त्रासून सांगू लागले की त्याच दाव्यातली, सियागंज बाजारातल्या दुकानाची जागा आपला पक्षकार सोडायला तयार आहे, हे समोरच्यांना आधीच कळलंय. ही गोष्ट ज्या मसुद्यात होती, तो आमच्या कॉम्प्युटरशिवाय कुठेच नव्हता. साहेब टाइप करत नसत, ऑफिसचे जुने कारकून मुंशीजी तर त्या यंत्राला हातही लावायला घाबरत. उरलं कोण? आता मला ताईंची प्रत्येक गोष्ट खटकू लागली. डबा खाताना त्या खिडकीकडे पाठ करून का बसतात, फोन आला की आवाज का बारीक करतात...

एके दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. जिना चढून दाराशी आले तर आत कमलताई पडद्याला जवळजवळ नाक लावून बसलेल्या. निळ्या पडद्यावर अंगठ्याएवढी पांढरी अक्षरं, आणि त्या एकेका ओळीखालून बोट फिरवत होत्या. फाइल तीच, वाटणीची. मी आत गेले नाही. पावलं न वाजवता खाली उतरले, कोपऱ्यावर चहा घेतला आणि अकरा वाजता साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी त्यांना आमच्यासमोरच विचारलं. "कमलजी, सुबह-सुबह ये किसकी फाइल पढ़ती हैं आप?"

कमलताईंनी चष्मा काढून हातात घेतला. "साहेब, डोळे जातायत माझे. काचबिंदू आहे. टाइप करते ते बोटांच्या सवयीने, पण चूक झाली तर दिसत नाही. म्हणून सकाळी येते आणि अक्षर मोठं करून आदल्या दिवशीचं तपासते. पांढऱ्या पडद्यावर डोळ्यांपुढे नुसता उजेड येतो, निळ्यावर जरा वाचता येतं, आणि ठिपके असले की दोन शब्दांमधली जागा कळते. ते बावीसचं माझ्याच हातून झालं. फक्त पडद्यावर मोठं करायचं होतं."

मग त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, पडदा पांढरा केला, ठिपके घालवले, अक्षर चौदावर आणलं. "होतं तसं करून ठेवलंय," म्हणाल्या, आणि ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेल्या. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला, त्या आल्या नाहीत.

खरं सांगते, तरीही माझी शंका गेली नव्हती. डोळ्यांचं निमित्त असेल, असंच वाटत राहिलं. दोन आठवड्यांनी मुंशीजींनी बातमी आणली: जागा सोडायची गोष्ट आमच्या पक्षकारानेच दुकानात बसून चार लोकांना सांगितली होती. मी त्याच रविवारी महूची बस धरली.

दार उघडंच होतं. "कोण?" त्यांनी विचारलं. मी चार हातांवर उभी होते. नाव सांगितलं, झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मी नव्हते, हे मला माहीतच होतं ना गं. तेच सांगायला एवढ्या लांब आलीस?"

मग त्याच पुढे म्हणाल्या:

"शंका आली, ठीक आहे. मलाही आली असती. पण त्या सकाळी जिन्यावर तुझ्या चपला वाजल्या, मी ओळखल्या. म्हटलं, बरं झालं, आता आत येईल, विचारेल. कुणाला तरी सांगून टाकायचंच होतं मला... तू दारातून परत गेलीस."

नंतर मी महूला जात राहिले, अनेक वर्षं. त्यांना दिसायचं बंद झालं, तरी मी फाटक लावत असतानाच आतून हाक यायची, "शुभा, बाहेर थांबू नको, आत ये." परवा त्यांच्या भाच्याला भेटायला त्याच घरी गेले. फाटक लावलं आणि तिथेच उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. मग चपला काढल्या आणि आत गेले.